किती वर्षं जुना करायचा?

मिस्त्रीने फळीवरून तळहात फिरवला, बोटांना लागलेला भुसा फुंकरीने उडवला आणि गुजरातीत विचारलं, "बेन, केटलां वरस जूनुं करवानुं छे?"

मी गप्प. हिंचक्याची नवी कोरी फळी दोन ठोकळ्यांवर आडवी पडली होती. पावणेसहा फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाड, सागाच्या तीन पट्ट्या जोडून केलेली. मी त्याला "जुन्यासारखी करून दे" एवढंच सांगितलं होतं, शिंप्याला "जरा सैल ठेव" म्हणावं तसं. सैल म्हणजे किती बोटं, हे शिंपी विचारतोच. यानेही विचारलं. मग माझं तोंड पाहून प्रश्न जरा सोपा करून दिला: "बेसी बेसीने घसायेलुं, के पड्युं पड्युं बगडेलुं?" बसून बसून झिजलेलं, की पडून पडून खराब झालेलं?

त्याच्या लेखी ही दोन वेगळी कामं होती. पहिल्यात कडा गोल होतात, बसायच्या जागेवर फिकट तकाकी येते आणि कुणाचा हात पोचत नाही तिथे मळ बसून लाकूड काळपट राहतं. दुसऱ्यात रंग करडा पडतो, मऊ भाग झडून शिरा वर येतात, टोकांना चिरा जातात. "घणा लोको बन्ने भेगुं मागे छे," तो म्हणाला, "ने पछी कहे, मजा नथी आवती." बरेच जण दोन्ही एकत्र मागतात, आणि मग म्हणतात, मजा येत नाही.

आमच्या घरात झोपाळ्याला झोपाळा कुणी म्हणत नाही. चार पिढ्या बडोद्यात काढल्यावर तो हिंचका झाला, आणि हिंचकाच राहिला. दांडिया बाजारातल्या वाड्याच्या ओसरीवर तो टांगलेला होता. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी वाडा बिल्डरकडे गेला, तेव्हा दारं, खांब, तुळया जुन्या लाकडाच्या वखारवाल्याने टेम्पोत भरून नेल्या. फळीही त्यातच गेली. तेव्हा कुणालाच त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही. नव्या फ्लॅटमध्ये सोफा येणार होता. फक्त पितळी कड्या राहिल्या, मोरांच्या. त्याही मायेपोटी राहिल्या असं म्हणवत नाही. वखारवाला पितळेचा भाव नीट देईना म्हणून आईने पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या.

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना ते पोतं खाली आलं, आणि मला हिंचका हवासा वाटू लागला. पण चकचकीत नको होता. शहरात मी ज्या दोन-तीन कॅफेंत जाते तिथली टेबलं मुद्दाम टवके उडवलेली असतात, दारांवर तीन रंगांचे पापुद्रे असतात, आणि आपण खुळ्यासारखे त्याला "किती छान जुनं आहे" म्हणतो. जोधपूरहून अशा फर्निचरचे कंटेनर भरभरून परदेशी जातात. दुकानदार त्याला अँटिक म्हणतो. १९७२ चा पुरावस्तू कायदा मात्र शंभर वर्षं भरल्याशिवाय खुर्चीला पुरावस्तू मानत नाही. दुकानातली खुर्ची गेल्या पावसाळ्यातली असते.

मिस्त्रीकडे जाण्याआधी मी स्वतः हात मारून पाहिला होता, ते सांगायलाच हवं. व्हिडिओ पाहिले. सगळे सांगतात, कडा घासा. घरात पुस्तकांचं एक कपाट होतं, सागाचंच, असा माझा समज. ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर घेऊन उजव्या कडेला भिडले. दोन मिनिटांत सागाच्या खालून प्लायच्या रेघा दिसायला लागल्या, एक उभी, एक आडवी, बिस्किटाच्या थरांसारख्या. वरचा साग व्हिनियरचा, कागदापेक्षा जरा जाड इतकाच. ते कपाट अजून तसंच आहे. त्या कडेसमोर एक कुंडी ठेवली आहे.

दुसरा प्रयोग स्वैपाकघरातल्या पाइनच्या स्टुलावर केला, तो मात्र साधला. आधी तपकिरी रंग द्यायचा. तो वाळला की जिथे हात-पाय लागतात तिथे मेणबत्ती घासायची. त्यावर पांढरा रंग. मेणावर पांढरा रंग धरत नाही, म्हणून वाळल्यावर हलक्या हाताने घासलं की नेमका तिथलाच सुटतो आणि खालचा तपकिरी डोकावतो. मी खूश होते. दुसऱ्या दिवशी कामवाल्या बेन भांडी घासायला आल्या, स्टूल उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बेन, आनो रंग ऊखडी गयो छे, फरी मरावी लेजो." याचा रंग उडालाय, परत मारून घ्या. मी हो म्हटलं.

खरं तर बडोद्यात राहून जुनाटपणाचा हट्ट धरणं म्हणजे थोडं उलट्या दिशेनं पोहणंच आहे. इथून पन्नासेक किलोमीटरवर डभोईपलीकडे संखेडा आहे. तिथल्या खराद्यांनी सागाला जी झळाळी आणली ती आमच्या दोन पिढ्यांच्या लग्नांत रुखवतापलीकडे मांडलेली असायची: मरून रंगावर सोनेरी वेलबुट्टी, लेथवर वळवलेले गोंडस पाय, खुर्च्या, पाळणे, हिंचके. गंमत अशी की त्यातलं सोनं सोनं नसतं. कथील बारीक कुटून सरसात कालवतात, त्याने नक्षी काढतात, ती अकीक दगडाने घोटली की चांदीसारखी चमकते. मग वरून लाख चढते. लाखेचा स्वतःचा पिवळसर रंग असतो, त्यातून पाहिलं की चांदी सोनं होते. शेवटी केवड्याच्या पानाने चोळून चकाकी आणायची ही जुनी रीत. म्हणजे लाकडाला आपण नाही ते दाखवायला लावणं या भागाला नवं नाही. फक्त आमच्या आज्यांना त्याने श्रीमंत दिसायला हवं होतं, आणि आम्हाला ते वापरून वापरून विटलेलं दिसायला हवं आहे.

आणि गज्जर. सयाजीरावांच्या काळात बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर मूळ सुरतेच्या सुतार घरातले. १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू झालं ते त्यांच्या खटपटीने. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम सगळं तिथे शिकवायचे. पुढे ते मुंबईला गेले. १८९६ साली चाफेकर बंधूंनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, आणि तो डाग काही केल्या जाईना, तेव्हा तो काढून दाखवला गज्जरांनी. डाग घालवून नाव कमावलेल्या माणसाच्या गावात मी डाग पाडून घ्यायला पैसे मोजत होते. चाफेकरांच्या बाजूने विचार केला तर डाग पाडणाऱ्याचीही बाजू आहेच म्हणा.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर उन्हात वाळत टाकलेल्या पट्ट्या आणि आत रंध्याच्या सालींचा ढीग. एका काचेच्या बरणीत लोखंडी किसणी, खरं म्हणजे भांड्यांच्या घासणीतलं स्टीलवूल, व्हिनेगरमध्ये आठ-दहा दिवस भिजत घातलेलं. पाणी गढूळ, वास आंबट. त्याने पाइनचा एक तुकडा घेतला. अर्ध्या भागावर आधी कडक काळा चहा लावला, दूध-साखरेविना, आणि तो सुकू दिला. मग बरणीतलं पाणी ब्रशने सगळ्या तुकड्यावर फिरवलं. नुसत्या पाइनवर फिकट राखाडी छटा आली. चहाच्या अर्ध्यावर मात्र माझ्या डोळ्यांदेखत रंग चढत गेला, आधी मळकट, मग करडा, मग पावसात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या खांबासारखा काळसर. चहातल्या तुरट द्रव्याशी लोखंडाची गाठ पडली की हे होतं. हिरडा आणि लोखंड यांतून कापडावर काळा रंग चढवतात तेही हेच. जुन्या सागवानी दारात खिळ्याभोवती काळं वर्तुळ दिसतं, तिथेही ओलीने हाच उद्योग केलेला असतो.

मग त्याने भोकांचा विषय काढला. गिऱ्हाइकाला भोकं आवडतात. बारीक ड्रिलने किंवा आरीने टोचून टोचून ती पाडतात. "तमारामां नहीं करुं," तो म्हणाला, आणि कारणही दिलं. पक्क्या सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागतच नाही. लागते ती कडेच्या पांढऱ्या लाकडाला. सागाच्या मधोमध भोकं दिसली की जाणकार हसतो. शिवाय किडा लाकडातून बाहेर पडताना सरळ भोक पाडतो, पण आत तो वाकडातिकडा फिरलेला असतो. ड्रिलच्या भोकात सुई घातली तर ती सरळ तळाला लागते. हे तो इतक्या शांतपणे सांगत होता की त्याने आजवर किती भोकं पाडली असतील असं माझ्या मनात आलं. विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली ती मी नंतर कितीदा तरी पडताळून पाहिली. लाकूड वर्षानुवर्षं आकसतं, पण लांबीत जवळजवळ नाही, आडवं आकसतं. त्यामुळे लेथवर अगदी गोल वळवलेला खुर्चीचा पाय पन्नास-साठ वर्षांनी किंचित लांबट गोल होतो. डोळ्यांना कळत नाही, चिमटीत धरून फिरवलं की कळतं. माझ्या मावशीकडे जुना पाट आहे, त्याचे पाय मी परवा चिमटीत फिरवून पाहिले. मावशी म्हणाली, काय करतेस गं, गळ्यातल्या माळेचे मणी मोजल्यासारखी? हे काही कुणाला घासून, टोचून आणता येत नाही. त्याला नुसता वेळ लागतो. प्लाय आणि एमडीएफला, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीला, तर तोही उपयोगाचा नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी तळमजल्यांत शिरलं, तेव्हा आमच्या सोसायटीबाहेर फुगून पोह्यांसारखी फुललेली कपाटं रांगेने पडली होती. ती जुनी झाली नव्हती, नुसती गेली होती.

तर मुद्दा असा, की मिस्त्रीला मी उत्तर काय दिलं. पहिल्या दिवशी काहीच नाही. घरी येऊन आत्याला फोन लावला. आत्या इंदूरला असते, ८१ वर्षांची, आणि वाड्याचा नकाशा तिच्या डोक्यात आमच्या कुणाहूनही पक्का आहे.

"अगं आत्या, आजी हिंचक्यावर कुठल्या बाजूला बसायची? डावीकडे ना?"

"उजवीकडे."

"डावीकडे गं. मला स्वच्छ आठवतं."

"तू खाली जमिनीवर, समोर बसायचीस ना कैऱ्या खात. म्हणून तुला डावं वाटतं. तू हिंचक्यावर कधी बसलीस? तुला बसू द्यायचीच नाही ती, पाय मारतेस म्हणून."

हे खरं होतं. एवढ्या वर्षांत माझ्या मनातला हिंचका मी समोरून पाहिलेला होता, फोटोतल्यासारखा. त्याची कड कुठे गुळगुळीत होती हे मला हाताने ठाऊकच नव्हतं.

आत्या सांगत गेली आणि मी कागदावर फळी आखून खुणा करत गेले. उजव्या टोकाशी आजी, कारण तिथून दिंडीदरवाजा दिसे आणि कोण आलं-गेलं कळे. तिथली पुढची कड गुडघ्यामागून घासून गोल झालेली. आजीच्या डावीकडे पानाचा पितळी डबा, त्याच्या बुडाचं वर्तुळ. डब्याशेजारी अडकित्ता टेकवल्याचे दोन-तीन कोचे. मधोमध पांढऱ्या रिंगा, आजोबांच्या गरम चहाच्या पेल्याच्या. लाखेच्या पॉलिशवर गरम भांडं ठेवलं की तसं पांढरं फुलतं आणि मग कितीही पुसलं तरी राहतं. कडीच्या दोन्ही बाजूंना काळा मळ, कारण तिथे हात धरत.

"आणि चुना," आत्या म्हणाली.

"कुठला चुना?"

"पानाला लावून झालं की बोट कुठे पुसायची ती? फळीखाली. पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला. वाकून पाहिलंस कधी? खाली चुन्याची पुटं होती बोटाबोटाची. दिवाळीला मला खरवडायला लावायची. चुना निघे, पण त्याखालचं लाकूड काळं पडलेलं, ते नाही निघायचं."

मिस्त्रीला कागद दाखवला, तर तो हरखलाच. एरवी लोक त्याला मोबाइलवरचे फोटो दाखवतात. चुन्याच्या गोष्टीवर त्याने लगेच मान डोलावली. चुन्यासारखा खार लागला की साग काळवंडतो, हे त्याला माहीत होतं. एका डबीतून चिमूटभर चुना काढून, पाण्यात कालवून तो बोट फळीखाली न्यायला लागला.

"ते राहू द्या," मी म्हणाले.

का, ते मला तिथे उभ्याउभ्या नीट सांगता आलं नसतं. कड गोल करायला मी सांगितली होती, कोचे पाडायला सांगितले होते, डब्याच्या वर्तुळासाठी आईचा डबासुद्धा नेऊन दिला होता. तिथवर सगळं ठीक वाटत होतं. पण आजी गुपचूप फळीखाली बोट पुसायची, कुणाला दिसू नये म्हणून, आणि ते आता दुसऱ्या कुणी पुसायचं, तेही मी बिल चुकतं करून, हे मला जमेना. मिस्त्रीने काही न विचारता बोट चिंधीला पुसलं. चहाच्या रिंगाही मी नको म्हटलं.

वर्षांचं उत्तर मी चाळीस दिलं. चाळीस, बसून झिजलेलं.

मग त्याने काम केलं, आणि ते पाहण्यासारखं होतं. पॉलिशपेपर त्याने शेवटी शेवटी हाती घेतला. आधी ओल्या गोणपाटाचा बोळा करून तो पुढच्या कडेवर मागेपुढे, मागेपुढे, माणूस जसा बसेल-उठेल तशा अंतराने, उजव्या टोकाशी जास्त आणि डावीकडे कमी. मधे थांबून स्वतः तिथे बसून पाहायचा, उठायचा, मांडी कुठे टेकली ते पाहायचा आणि पुन्हा घासायचा. दोन दिवस गेले. कोचे त्याने खऱ्या अडकित्त्यानेच पाडले. रंगासाठी केलं काहीच नाही. ताजा साग डागाळ, पिवळसर दिसत होता, त्यावर मी काही म्हणायच्या आत त्याने फळी शेडबाहेर टेकवून ठेवली. "सूरज मफतमां काम करे छे." तीन आठवड्यांत ती मधाच्या रंगाची झाली. वर दोरी बांधली होती तिथे फिकट पट्टा राहिला, आणि तो घालवायला दोरी सोडून आणखी आठवडाभर थांबावं लागलं.

शेवटी त्याने विचारलं, "उपर पीयू मारी दउं? पछी आने कंई नहीं थाय." वर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर देऊ का, मग याला काहीच होणार नाही. चाळीस वर्षांची झीज करून झाल्यावर आता पुढे काही झिजू नये याची सोय. शोरूममधली सगळी जुनाट टेबलं अशीच असतात, जखमा काचेखाली ठेवल्यासारखी. मी लाखेचं पॉलिश सांगितलं, स्पिरिटमध्ये चपडी लाख विरघळवून, मलमलच्या बोळ्याने. त्याने बजावलं की पाणी सांडलं, चहा ठेवला तर डाग पडेल. मी म्हटलं, पडू दे.

हिंचका वासणा रोडवरच्या आमच्या बाल्कनीत टांगला. स्लॅबला हुक मारायला आलेल्या माणसाने अर्धा दिवस खाल्ला आणि बाल्कनीभर सिमेंट सांडलं, ते असो. कड्या चिंच लावून घासल्या, मोर उजळले. चाळीस वर्षांची फळी, त्यावर खऱ्या जुन्या कड्या, आणि नव्या दिसत होत्या त्या कड्याच.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. ती बाहेर आली, कडी ओढून पाहिली, मोरांना हात लावला. मग बसली, डाव्या टोकाला.

"आई, तिकडे सरक ना," मी म्हणाले. "उजवीकडे कड गोल केलीये, टोचणार नाही."

"ती सासूबाईंची जागा," आई म्हणाली, आणि मग स्वतःशीच हसली. पण सरकली नाही. मांडीवरचं पातळ सारखं केलं, आणि अंगठ्याने जमिनीला रेटा दिला.

वाड्यात ओसरीला शहाबादी फरशी होती. हिंचक्यासमोर तिच्यात एक बोटभर गुळगुळीत ठिपका होता, आजीच्या अंगठ्याचा. तो माझ्या कागदावर आला नव्हता. आत्याच्याही लक्षात राहिला नव्हता. बाल्कनीत व्हिट्रिफाइड टाइल आहे, पांढरी, चकचकीत. आईचा अंगठा सरकला, हिंचका जागचा हलला नाही. तिने पुन्हा रेटा दिला, पुन्हा सरकला.

"हे काय गं, पायच टिकत नाही," ती म्हणाली. "जा, ते दारातलं पायपुसणं आण."